त्या १-० चं काय करायचं?

ऑगस्ट २०२५मध्ये एके दुपारी आमचा एक मेलेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अचानक जिवंत झाला. ग्रुपचं नाव 'टॉप फोर', मेंबर तीन. शेवटचा मेसेज दिवाळीचा होता, त्याआधीचा कुणाच्या तरी लग्नाचा. मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये ताट घेऊन उभा होतो. बांद्याने फक्त एक बातमी टाकली होती. जॉर्ज कोस्टा गेला. पोर्तोमध्ये, हृदयविकाराने, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

टेबलावर माझ्या टीममधले चौघे होते. मी म्हटलं, आमचा कोच गेला. "कुठला कोच? तू कधी खेळायचास?" मी कधीच खेळलो नाही. पण २००४ साली पोर्तोचा कॅप्टन म्हणून चॅम्पियन्स लीगचा कप उचलणारा हा दांडगा डिफेंडर २०१८ ते २०२० मुंबई सिटी एफसीचा कोच होता, आणि त्यातला एक सीझन आम्ही तिघे रत्नागिरीतल्या एका भाड्याच्या रूमवर अक्षरशः जगलो होतो. हे सगळं जेवताना सांगणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

रत्नागिरीत फुटबॉलचा फॅन असणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. आमच्याकडे शिवाजी स्टेडियमवर क्रिकेट, भाट्याच्या वाळूत क्रिकेट, वाडीतल्या मळ्यात भातकापणी झाली की क्रिकेट. फुटबॉल बघणारी पोरं होती, पण ती मँचेस्टर नाहीतर बार्सिलोनाची. इंडियन सुपर लीग बघतो म्हटलं की लोक दयेने बघायचे. त्यामुळे इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मला आणखी दोघे सापडले, हेच नवल होतं.

माझं घर मारुती मंदिराजवळ. ते दोघे बाहेरगावचे, मिरजोळे एमआयडीसीच्या बाजूला रूम करून राहायचे. आमच्या वर्गात माणसाला गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. एक कोल्हापूर, एक बांदा. मी दोघांसाठी रत्नागिरी.

कोल्हापूर फुटबॉल आईच्या दुधाबरोबर प्यायलेला. त्याच्या शहरात पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते, आणि वर्ल्डकप आला की पेठापेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. त्याला आयएसएलमधली कुठलीच टीम प्रिय नव्हती. तो फक्त फुटबॉल बघायचा, आणि त्यामुळे आमच्या भांडणात स्वतःहून पंच व्हायचा.

बांदा सरळ एफसी गोवाचा. बांदा म्हणजे महामार्गावरचं महाराष्ट्रातलं शेवटचं मोठं गाव. पुढे पत्रादेवी, की लागला गोवा. त्यांचं दवाखान्याला जाणं बांबोळीला, कपडे घ्यायला जाणं म्हापशाला. टीम तरी मुंबईची कशाला घेतील?

आणि मी मुंबईचा, कारण बाबा. बाबांनी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत मोटर वाइंडिंगचं काम केलं, चौदा वर्षं. मी पाच वर्षांचा असताना कंपनी बंद पडली आणि आम्ही रत्नागिरीला परत आलो. बाबांनी दुकान टाकलं. बागायतदारांच्या जळलेल्या पंपांच्या मोटरी ते अजूनही बांधतात. मुंबई आमच्या घरात कायम होती, फक्त आम्ही मुंबईत नव्हतो. मुंबई सिटी अंधेरीत खेळते हे कळलं, तेव्हा मला दुसरी टीम निवडायचा प्रश्नच आला नाही.

तर २०१८चा ऑक्टोबर. आदल्या सीझनला मुंबई दहा टीममध्ये सातवी आली होती, २३ गुण. नवा कोच, नवे परदेशी खेळाडू. पहिलाच सामना घरच्या मैदानावर जमशेदपूरकडून ०-२. मग कोचीला केरळाशी १-१, तेही भरपाईच्या वेळेत प्रांजल भूमिजने लांबून मारलेल्या गोलमुळे. मग पुण्याला २-० हरवलं आणि मी चढलो. २४ ऑक्टोबरला गोव्याशी सामना होता, फातोर्ड्याला. मोबाइल लाडवांच्या डब्याला टेकवून आम्ही तिघे बसलो.

गोव्याने पाच मारले. मुंबईने शून्य.

बांद्याने प्रत्येक गोलला उठून रूममध्ये एक फेरी मारली. पाचव्याला तो गॅलरीत जाऊन ओरडला आणि खालून घरमालकीणकाकूंनी विचारलं, काय झालं रे, पाल पडली काय? मी काही न बोलता स्कूटर काढली. दुसऱ्या दिवशी डब्यात बसून बांदा म्हणाला, "तुमचां यंदा पण काय खरां नाय."

तिथून वाद सुरू झाला. तो पुढे पाच महिने चालला.

मुद्दा साधा होता. मुंबई पहिल्या चारांत येईल का? दहा टीम, प्रत्येकी १८ सामने, पहिले चार प्लेऑफला. कोल्हापूरने एक सिद्धान्त मांडला. आदल्या वर्षी चौथ्या नंबरच्या पुणे सिटीचे ३० गुण होते, पाचव्या जमशेदपूरचे २६. "तीस झाले की आत. गोल बघून काय हुतंय भावा? पाच खाल्ले काय आन् एक खाल्ला काय, गुण जायचे ते तीनच."

हे वाक्य मला फार लागलं. कारण त्या दिवसांत माझाही एक हिशेब चालू होता, तो या दोघांनाच माहीत होता. पाचव्या सेमिस्टरचा नेटवर्क्सचा पेपर माझा राहिला होता. केटी. पुन्हा दिला, पुन्हा राहिला. आता नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिसऱ्यांदा देणार होतो. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची अट ठरलेली असते: साठ टक्के आणि एकही जिवंत केटी नको. टक्के होते. केटी जिवंत होती. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांच्या मते मी 'कॅम्पसची तयारी' करत होतो.

पाच खाल्ले काय आणि एक खाल्ला काय. मी त्या रात्री एक्सेल उघडली आणि दोन शीट केल्या. एकीत लीगचं टेबल, दुसरीत माझं: परीक्षा कधी, निकाल साधारण कधी, ड्राइव्ह कधी. इंजिनीअरला दुःख झालं की तो टेबल बनवतो.

आणि मग मुंबई जिंकायला लागली. त्या पाच गोलांनंतर टीम ओळीने नऊ सामने हरली नाही. कसं काय, यावर आमची रात्र-रात्र भांडणं. माझं म्हणणं, मोदू सुगू. सेनेगलचा हा स्ट्रायकर बॉक्समध्ये उभा राहायचा, उजवीकडून अर्नोल्ड इसोको धावत येऊन बॉल आत टाकायचा, सुगू तो गोलमध्ये ढकलायचा. बांद्याचं म्हणणं, नशीब. कोल्हापूरचं म्हणणं, कोच. "त्यो स्वतः डिफेंडर हाय. पाच खाल्ल्यावर त्यानं अ‍ॅटॅक नाय वाढवला, दार लावलं आधी." नंतर विचार केला तर तोच बरोबर होता. एका गोलाने जिंकायचं, मग कुलूप लावायचं. बघायला कंटाळवाणं. टेबलात सुंदर.

१६ डिसेंबरला केरळाला ६-१ हरवलं. त्यात एकट्या सुगूचे चार. दोन दिवसांनी केरळाच्या कोचची गच्छंती झाली. त्या रात्री बांदा मान्य करून गेला की "येतास तुमी चारात." माझी परीक्षाही संपली होती आणि पेपर, खरं सांगतो, बरा गेला होता. घरी जाताना मी थिबा पॉइंटला स्कूटर थांबवली. खाली काळी खाडी, पलीकडे भाट्याचे दिवे. आयुष्यात सगळं एकदम जमून येतंय असं वाटायच्या रात्री मोजक्याच असतात. ती त्यातली एक.

लीगला मग आशियाई कपसाठी महिनाभराची सुट्टी. सामनेच नाहीत, म्हणून फक्त वाद. एका टीमचे पाच सामने उरले असतील तर निकालांचे रस्ते २४३ होतात, हे मी कोल्हापूरला कागदावर काढून दाखवलं. तो म्हणाला, "आन् खेळणार एकच." वाद घालण्यात जी मजा असते, ती निकाल लागल्यावर उरत नाही, हे आम्हा तिघांनाही बहुतेक कळत होतं. म्हणून आम्ही घाई करत नव्हतो.

फेब्रुवारीत दोन्ही शीट बिघडल्या. मुंबई हरायला लागली, एकदा नाही, लागोपाठ. आणि माझ्या केटीचा निकाल लागण्याआधी कंपनीचा ड्राइव्ह आला. यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. मी प्लेसमेंटच्या सरांकडे गेलो. ते म्हणाले, निकाल आण, बसवतो. निकाल नव्हताच, आणायचा कुठून? माझ्या हातात जे होतं ते मी केलं होतं. उरलेलं दुसऱ्यांच्या हातात होतं. टेबल बघणाऱ्या माणसाला ही वाक्यं पाठ असतात. स्वतःबद्दल म्हणताना तोंडात वेगळी लागतात.

ड्राइव्हच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून घरातून निघालो. आईने हातावर दही ठेवलं. मी दिवसभर मांडवीच्या जेटीवर बसून राहिलो. संध्याकाळी बाबांनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, बरं झालं, कळवतील.

मुंबईचे शेवटी नेमके ३० गुण झाले. तिसरा नंबर. बेंगळुरू आणि गोवा दोघांचे ३४, आपसातले दोन्ही सामने जिंकल्यामुळे बेंगळुरू वर. चौथ्या नॉर्थईस्टचे २९. पाचवी पुन्हा जमशेदपूरच, २७. कोल्हापूरने स्वतःच्या पाठीवर स्वतः थाप मारून घेतली. सेमीफायनल पडली ती मुंबई विरुद्ध गोवा. बांदा आणि मी दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही.

पहिला सामना ९ मार्चला, शनिवारी, अंधेरीत. मी घरी सहज म्हटलं की मुंबईला मॅच बघायला जातोय. बाबा हातातली तार खाली ठेवून म्हणाले, "मी पण येतो. अंधेरी बघून बरीच वर्षं झाली." त्यांना वाटत होतं, इंटरव्ह्यू चांगला झाला म्हणून पोरगा खुशीत आहे. मला नाही म्हणता आलं नाही.

आझाद नगरला मेट्रोतून उतरलो तेव्हा बाबा मेट्रोकडेच बघत राहिले. त्यांच्या वेळी ती नव्हती. स्टेडियम छोटं, सात-आठ हजारांचं. निळे टी-शर्ट, ढोल, एका बाजूला वेस्ट कोस्ट ब्रिगेडची गाणी. गोव्याहून आलेले नारिंगी टी-शर्टही होते, त्यात बांदा नव्हता. त्याच्या बहिणीचं काहीतरी बघणं होतं. बाबांना नियम माहीत नव्हते. ते दर पाच मिनिटांनी विचारत, आपले कुठले?

विसाव्या मिनिटाच्या आसपास राफाएल बास्तोसने गोल मारला. आपला. आख्खं स्टेडियम उभं राहिलं, बाबासुद्धा. मी त्यांना असं ओरडताना कधी पाहिलं नव्हतं. मग जॅकीचंद सिंगने बरोबरी केली. मग मुर्तदा फॉल, मग कोरो, मग पुन्हा फॉल. शेवटी ब्रँडन फर्नांडिस. १-५. लोक पंधरा मिनिटं आधीपासूनच उठायला लागले होते.

बाबा उठले नाहीत. म्हणाले, "संपली नाही ना अजून?"

तिथे, त्या अर्ध्या रिकाम्या स्टँडमध्ये, मी त्यांना सांगितलं. केटीचं, यादीचं, जेटीचं. ढोल अजून वाजत होते म्हणून मला जरा मोठ्याने बोलावं लागलं, हे सगळ्यात वाईट होतं. खोटं हळू बोलता येतं. ते मैदानाकडेच बघत होते. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "दही घेऊन गेलास ना रे त्या दिवशी?" बस्स, एवढंच.

दादरहून रात्री बाराला तुतारी एक्स्प्रेस. पनवेल गेल्यावर त्यांनी डबा उघडला, मला पोळी दिली आणि विचारलं, "आता गोव्यात किती मारायला लागतील?"

"पाच. पाच-शून्य झालं तर सहा-पाच. ऑक्टोबरात त्यांनी आपल्याला मारलेले, तेवढेच."

"होईल?"

"नाही."

माणगावच्या पुढे कुठेतरी, दिवे बंद झाल्यावर, त्यांनी कंपनीच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट सांगितली. टाळं लागणार हे सगळ्यांना आठवडाभर आधी कळलेलं. शेवटच्या शिफ्टला त्यांच्या बाकावर एक मोटर अर्धी बांधलेली होती. बाकीचे म्हणाले, सोड, कोण नेणार आहे ती? त्यांनी ती पुरी केली, वॉर्निश मारलं, आणि मग हजेरीवर सही करून निघाले.

"का?"

"अर्धी होती म्हणून."

ही गोष्ट मी नंतर आईला सांगितली. ती म्हणाली, मोटर बांधून पुरी करणारे ते नव्हते, शेजारच्या बाकावरचे गृहस्थ होते; तुझे बाबा त्या दिवशी दुपारीच घरी येऊन झोपले होते. खरं काय ते मी बाबांना विचारलेलं नाही. दोघांपैकी कुणीही असलं तरी मोटर पुरी झाली होती.

१२ मार्चला, मंगळवारी, दुसरा सामना. मी रूमवर जाणार नव्हतो. बांद्याचं तोंड बघायची ताकद नव्हती. साडेसातला बाबा दुकान लवकर बंद करून आले आणि म्हणाले, लाव.

सहाव्या मिनिटाला पुन्हा बास्तोस. १-०.

पुढची चौऱ्याऐंशी मिनिटं मी काय केलं, हे मला कबूल करायला लाज वाटते. मी मोजत होतो. चार हवेत, एकवीस मिनिटांना एक. हाफटाइमनंतर अकरा मिनिटांना एक. सत्तराव्याला पाच मिनिटांना एक. अशक्य गोष्टीचाही भागाकार करता येतो, आणि उत्तर दर वेळी पूर्णांकात असल्यासारखं वाटतं. गोव्याला घाई नव्हती. सामना १-० संपला, गोवा एकूण ५-२ने फायनलला गेला. मी रिमोट उचलला.

"बंद का करतोस? जिंकले ना?"

"जिंकले, पण बाहेर गेले, बाबा."

"ते झालंच. पण आज जिंकले ना?"

मग आम्ही ते दहा मिनिटं बघत बसलो. हात मिळवणारे खेळाडू, टी-शर्टची अदलाबदल, कडेला उभा असलेला दांडगा कोस्टा.

दुसऱ्या दिवशी रूमवर नवा वाद सुरू झाला. तो आजतागायत मिटलेला नाही. तो विजय धरायचा की नाही? बांदा म्हणाला, "चार गोलांची आघाडी असताना आमी कशाक धावतलों? तो तुमका दिल्लो." कोल्हापूर म्हणाला, ज्या विजयाने टेबल हलत नाही तो रेकॉर्डला धरतात, डोक्यात धरायचा नसतो. मी म्हणालो, फातोर्ड्यात, पाच खाल्लेल्या मैदानावर, काहीही मिळणार नाही हे माहीत असताना एकही गोल न खाता जिंकणं, हे त्या केरळाच्या सहा गोलांपेक्षा मोठं आहे. दोघेही हसले.

त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. नेटवर्क्स सुटला. छप्पन्न मार्क. कॅम्पसचा सीझन संपला होता, छप्पन्नचा कुणाला काही उपयोग नव्हता. मी मार्कशीट बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खालच्या सहीसकट, आणि देव्हाऱ्यात ठेवली.

१७ मार्चला फायनल झाली, आमच्याच अंधेरीच्या मैदानावर. जादा वेळेत बेंगळुरूसाठी हेडरने गोल मारला तो राहुल भेकेने, मुंबईच्या मराठी पोराने. गोवा हरलं. बांद्याला फोन केला तर त्याने उचलला नाही. मला वाटलं होतं आनंद होईल. तितका झाला नाही.

पुढचं पटकन सांगतो. मी पुण्याला आलो, सात महिने वॉक-इन दिले, एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला लागलो, तिथून इथे. २०१९च्या नोव्हेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०मध्ये आम्हाला बदडणारा गोव्याचा कोच सर्जिओ लोबेरा आमचा कोच झाला. मुर्तदा फॉलही आला. १३ मार्च २०२१ला, कोविडमुळे रिकाम्या असलेल्या फातोर्ड्यावरच, बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलने मुंबई पहिल्यांदा चॅम्पियन झाली. तिघे तीन गावांत वर्क फ्रॉम होम करत ग्रुपवर होतो. कोल्हापूरने लिहिलं, "ह्याला म्हणतात पलटणं." मी लिहिलं, याला म्हणतात पैसा. मी नाचलो, पण मला अजूनही २०१९चीच टीम माझी वाटते. तिच्याकडे काही नव्हतं, फक्त नऊ सामने हरली नाही.

परवा ऑगस्टात कोस्टाची बातमी आली त्या दिवसांत लीगचंच भवितव्य टांगणीला होतं. पुढचा सीझन होणार की नाही, हे कुणाला माहीत नव्हतं. प्लेऑफची चर्चा सोडा, टेबलच नव्हतं. बांद्याच्या मेसेजखाली कोल्हापूरने हात जोडले. मीही जोडले. मग बराच वेळ काही नाही. मी डेस्कवर परत गेलो.

चारच्या सुमाराला बांद्याचा आणखी एक मेसेज आला. तो आता वेर्ण्याला नोकरीला आहे, एका मुलीचा बाप आहे.

"रे रत्नागिरी, ता १-० मी धरतंय. आजच्या पुरतां."

कोल्हापूर टाइप करताना दिसत होता. थांबत होता, पुन्हा टाइप करत होता. शेवटी आलं: "मी न्हाई. पण सामना भारी हुता."

मी बाबांना फोन लावला. मागे वाइंडिंग मशिनचा आवाज येत होता. म्हटलं, बाबा, अंधेरीला आपण बघितला होता ना, तो कोच गेला. ते थोडं थांबले. "तो उंच? शेवटपर्यंत उभा होता तो?"

"हो. तोच."